ब्रिटनहून कायमचं परतताना: तारीख, पेन्शन, घर आणि मृत्युपत्र

तिकीट काढण्याआधी दोन कॅलेंडरं शेजारीशेजारी ठेवा. ब्रिटनचं कर वर्ष ६ एप्रिलला सुरू होऊन ५ एप्रिलला संपतं, आपलं १ एप्रिल ते ३१ मार्च. दहा-पंधरा वर्षं लंडन, लेस्टर किंवा मँचेस्टरला काढून पुण्याला, नाशिकला, कोल्हापूरला परतणाऱ्या कुटुंबाचं नुकसान होतं ते बहुतेक वेळा कामांचा क्रम चुकल्यामुळे. घर सोडलं, फोन नंबर बंद केला, बँकेला पत्ता राहिला नाही, आणि मग कळतं की त्या पत्त्यावाचून आणि त्या नंबरवाचून पुढचं एकही काम हलत नाही. म्हणून इथे सगळं क्रमाने दिलं आहे. ब्रिटनचे आकडे २०२६-२७ चे आहेत. ते दर एप्रिलमध्ये बदलतात, तेव्हा निघण्याच्या वर्षीचा आकडा एकदा तपासून घ्या.

परतीची तारीख कशी ठरवायची

भारतात पाय ठेवल्यावर कर खात्याच्या दृष्टीने तुमच्या तीन अवस्था होतात: आधी अनिवासी, मग मधली सवलतीची अवस्था, ज्याला सगळे सीए आरएनओआर म्हणतात, आणि शेवटी पूर्ण रहिवासी. आरएनओआर असेपर्यंत ब्रिटनमधल्या व्याजावर, लाभांशावर, शेअर विकून झालेल्या नफ्यावर भारतात कर लागत नाही. अट इतकीच की ते पैसे आधी भारताबाहेरच्या खात्यात जमा झाले पाहिजेत आणि इथून चालवलेल्या धंद्यातले नसावेत. पूर्ण रहिवासी झालात की जगभरचं उत्पन्न इथल्या विवरणपत्रात येतं. मधली अवस्था जितकी लांब, तितका वेळ तिकडची आवराआवर करायला मिळतो.

ही अवस्था किती लांबेल हे उतरण्याच्या तारखेवर ठरतं. कर वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात असाल तर त्या वर्षी रहिवासी. शिवाय ६० दिवस इथे आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथे, असं झालं तरी रहिवासी. मागच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं अनिवासी असाल, किंवा मागच्या सात वर्षांत ७२९ किंवा त्याहून कमी दिवस इथे असाल, तर रहिवासी असूनही आरएनओआर.

एक उदाहरण मांडून पाहू. दहाहून जास्त वर्षं सलग अनिवासी असलेलं, दर वर्षी महिनाभर सुट्टीला येणारं जोडपं धरा. ते १० जून २०२६ ला परतलं तर २०२६-२७ मध्ये २९५ दिवस भरतात, म्हणजे ते त्याच वर्षी रहिवासी. मग २०२६-२७ आणि २०२७-२८ ही दोन वर्षं आरएनओआर, आणि १ एप्रिल २०२८ पासून पूर्ण रहिवासी. तेच जोडपं १० नोव्हेंबर २०२६ ला परतलं आणि त्या वर्षी आधी सुट्टीला आलं नाही, तर ३१ मार्चपर्यंत १४२ दिवस होतात. पहिलं वर्ष अनिवासी म्हणून जातं, पुढची दोन वर्षं आरएनओआर, आणि पूर्ण रहिवासी व्हायला १ एप्रिल २०२९ उजाडतो. पाच महिने उशिरा येऊन एक अख्खं वर्ष पदरात पडलं.

इथे चूक होते ती सुट्टीच्या दिवसांची. त्याच वर्षी गणपतीला दहा-बारा दिवस येऊन गेला असाल तर तेही मोजले जातात, आणि उतरल्याचा व निघाल्याचा दिवस दोन्ही धरून चालणं सुरक्षित. फेब्रुवारी २८ दिवसांचा असेल तर १ ऑक्टोबरला उतरल्यावर बरोबर १८२ दिवस भरतात, २ ऑक्टोबरला १८१. इतक्या काठावर जाऊ नका. पासपोर्टवरच्या सगळ्या शिक्क्यांचे फोटो काढून एका कागदावर दिवसांची बेरीज लिहून ठेवा. चार वर्षांनी नोटीस आली तर हाच कागद कामाला येतो.

ब्रिटनच्या बाजूला वर्ष दोन भागांत तोडण्याची सोय आहे: निघेपर्यंत रहिवासी, नंतर अनिवासी. पण ती आपोआप मिळत नाही, तिचे ठरलेले प्रकार आहेत. परतणाऱ्यांना बहुधा लागू पडतो तो प्रकार म्हणजे ब्रिटनमध्ये राहतं घर उरलेलं नसणं आणि त्यानंतर त्या कर वर्षात तिथे १६ पेक्षा कमी दिवस राहणं. स्वतःचं घर रिकामं ठेवून किल्ली खिशात घेऊन आलात, किंवा कुटुंब शाळेसाठी मागे ठेवलं, तर हा प्रकार हातचा जातो. घर भाडेकरूला रीतसर करारावर दिलं असेल तर ते तुमचं राहतं घर उरत नाही.

निघण्याआधीचे तीन महिने

सगळ्यात आधी नॅशनल इन्शुरन्सचा, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या सरकारी विमा हप्त्यांचा, ताळा बघा. एचएमआरसीच्या, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याच्या, ॲपमध्ये वर्षावर वर्ष अशी यादी दिसते: कुठलं भरलेलं, कुठलं अपुरं. स्टेट पेन्शन, म्हणजे या हप्त्यांवर मिळणारी सरकारी पेन्शन, मिळायला किमान १० वर्षं लागतात, पूर्ण रकमेसाठी ३५. पूर्ण रक्कम सध्या आठवड्याला २४१.३० पौंड आहे, म्हणजे एका वर्षाची किंमत आठवड्याला सुमारे ६.८९ पौंड. नऊ वर्षं भरली असतील तर हाती शून्य येतं. दहावं भरलं की आठवड्याला जवळजवळ ६९ पौंड, वर्षाला साधारण ३,५८५ पौंड, आयुष्यभर. भारतातली पीएफची वर्षं यात धरली जात नाहीत. दोन्ही देशांची वर्षं एकत्र मोजून पेन्शन देणारा करार नाही.

म्हणून आठ किंवा नऊ वर्षांवर असलेल्याने घाईने निघू नये. एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: पगारदाराचं वर्ष भरायला बारा महिने लागत नाहीत. त्या कर वर्षातली कमाई सुमारे ६,७०० पौंडांच्या वर गेली की वर्ष भरलं. महिना साडेतीन हजार किंवा जास्त पगार असेल तर ६ एप्रिलनंतरचे दोनच पगार पुरतात. मार्चअखेर राजीनामा देणारा हे वर्ष उगाच सोडतो.

मागचे खड्डे भरायचे असतील तर साधारणपणे सहा वर्षं मागे जाता येतं. ऐच्छिक हप्ता, म्हणजे क्लास ३, आठवड्याला १८.४० पौंड आहे, वर्षाला सुमारे ९५७. त्यातून वर्षाला ३५८ पौंड पेन्शन वाढते. म्हणजे पेन्शन सुरू झाल्यावर पावणेतीन वर्षांत पैसे वसूल. परदेशात राहून स्वस्त दराने, क्लास २ मध्ये, हप्ते भरायची सोय ६ एप्रिल २०२६ पासून बंद झाली. आता परदेशातल्या काळासाठी नव्याने फक्त क्लास ३ भरता येतं, आणि त्यासाठी आधी ब्रिटनमध्ये दहा वर्षं वास्तव्य किंवा दहा वर्षांचे हप्ते लागतात. जुन्या लेखांत आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सल्ल्यांत आठवड्याला साडेतीन पौंडांचा हिशेब अजून सापडतो. तो आता लागू नाही. अर्ज सीएफ८३ या फॉर्मवर करायचा असतो. पैसे भरण्याआधी एक गोष्ट नक्की करा, की ते वर्ष भरल्याने तुमच्या पेन्शनच्या अंदाजात खरोखर वाढ होते. २०१६ च्या आधीच्या नोकरीत कंपनीच्या योजनेमुळे कमी हप्ता भरला गेला असेल तर गणित वेगळं येतं.

आता पगारातला कर. ब्रिटनमध्ये वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत कर नाही, पण पगार देणारा ही सूट दर महिन्याला बाराव्या हिश्श्याने देतो. वर्षाच्या मध्ये निघालात तर उरलेली सूट वाया गेलेली नसते, ती परत मागायची असते. समजा पगार वर्षाला ४८,००० पौंड आणि सहा महिने काम केलं. पगार झाला २४,०००. कापताना सूट धरली ६,२८५ ची, म्हणून १७,७१५ वर २० टक्के, ३,५४३ पौंड कापले गेले. खरा कर आहे ११,४३० वर, म्हणजे २,२८६. परत मिळायचे १,२५७ पौंड.

यासाठी फॉर्म पी८५. नोकरी सोडताना मिळालेल्या पी४५ चा दुसरा आणि तिसरा भाग हाताशी ठेवा. टपालाने पाठवत असाल तर ते जोडावे लागतात. दर वर्षी सेल्फ असेसमेंट भरत असाल तर पी८५ ऐवजी त्याच विवरणपत्राला एसए१०९ हे पान जोडायचं. ते पान भरायची सोय एचएमआरसीच्या स्वतःच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये नाही, त्यासाठी कागदी विवरणपत्र किंवा बाहेरचं सॉफ्टवेअर लागतं. कागदी विवरणपत्राची मुदत ३१ ऑक्टोबर आहे, ऑनलाइनची ३१ जानेवारी. जानेवारीत जागं होणारे इथेच अडकतात.

परतावा जमा होईपर्यंत ब्रिटनमधलं खातं बंद करू नका. खातं नसेल तर चेक येतो, आणि पौंडांतला चेक भारतात वटवणं म्हणजे आठवड्यांची वाट आणि कापलेलं शुल्क. पण बँक स्वतःहूनही खातं बंद करू शकते, कारण काही बँका ब्रिटनबाहेर राहणाऱ्या ग्राहकाला ठेवत नाहीत. निघण्याआधी बँकेला सरळ विचारा: भारतातल्या पत्त्यावर हे खातं चालेल का? नाही म्हणाले तर परदेशी पत्ता चालवणाऱ्या बँकेत खातं तिथे असतानाच उघडा. मित्राचा पत्ता आपला म्हणून देऊ नका. ते खोटं निवेदन ठरतं, आणि खातं गोठलं की पैसे महिनोन्महिने अडकतात.

फोन नंबर प्रीपेडवर करून घ्या आणि भारतात रोमिंगवर ओटीपी येतो का हे निघण्याआधीच कंपनीला विचारा. ठराविक काळात वापर झाला नाही तर प्रीपेड नंबर बंद होतो, म्हणून महिन्याला एक मेसेज पाठवायची आठवण लावून ठेवा. सरकारी लॉगिन, बँक, पेन्शन कंपनी, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरावर येत असतात.

आयसामध्ये, म्हणजे तिथल्या करमुक्त बचत खात्यात, निघालात ते कर वर्ष संपल्यानंतर नवे पैसे भरता येत नाहीत. असलेले ठेवता येतात. लाइफटाइम आयसा, म्हणजे सरकार भर घालतं ते पहिल्या घरासाठीचं किंवा म्हातारपणासाठीचं बचत खातं, घाईत मोडू नका: ४,००० भरले, सरकारने १,००० घातले, ५,००० झाले, पण मुदतीआधी काढताना २५ टक्के कापतात आणि हाती ३,७५० येतात. म्हणजे तुमच्या खिशातलेही अडीचशे गेले. भाड्याच्या घराची अनामत, कौन्सिल टॅक्स (तिथला पालिकेचा कर), वीज-गॅस यांचे शेवटचे आकडे मीटरच्या फोटोसकट कळवून मोकळे व्हा. क्रेडिट कार्डाची बाकी मागे ठेवू नका. इंग्लंडच्या हायकोर्टाचा पैशाचा निकाल दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली थेट इथल्या जिल्हा न्यायालयात अंमलबजावणीला आणता येतो.

तिकडचं घर

भाड्याने देणार असाल तर एनआरएल१ हा अर्ज आधीच करा. तो मंजूर नसेल तर एजंटला भाड्यातून २० टक्के कर कापून भरावा लागतो. एजंट नसेल आणि भाडं आठवड्याला १०० पौंडांच्या वर असेल तर ही जबाबदारी बिचाऱ्या भाडेकरूवर येते. अर्ज मंजूर झाला म्हणजे कर माफ झाला असं नाही. फक्त भाडं पूर्ण हातात येतं आणि कर विवरणपत्रातून भरायचा. कर्ज असेल तर बँकेची भाड्याने द्यायची लेखी परवानगी घ्या, विमाही बदलून घ्या.

इंग्लंडमध्ये १ मे २०२६ पासून कारण न देता भाडेकरूला काढता येत नाही. घर विकायचं किंवा स्वतः राहायला जायचं असेल तर ते कारण दाखवून चार महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि भाडेकरूच्या पहिल्या वर्षात ती लागू पडत नाही. दोन वर्षांत विकायचंच आहे असं ठरलं असेल तर भाड्याने देण्याआधी ही मुदत तुमच्या आरएनओआरच्या कॅलेंडरवर बसवून बघा. मार्चअखेर विक्री व्हायला हवी असेल तर नोटीस आदल्या उन्हाळ्यातच गेली पाहिजे.

अनिवासी माणसाने ब्रिटनमधलं घर विकलं की व्यवहार पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांत एचएमआरसीला नफ्याचं वेगळं विवरण द्यावं लागतं, कर शून्य असला तरीही. दर वर्षीच्या विवरणपत्रात दाखवू म्हणून थांबणाऱ्यांना दंड होतो. घर एप्रिल २०१५ च्या आधीचं असेल तर अनिवासी व्यक्तीला त्या महिन्याची किंमत धरून नफा काढता येतो, म्हणून तिथल्या व्हॅल्युअरकडून ती किंमत लेखी घेऊन ठेवा.

उतरल्यावर बँका

कर आणि परकीय चलन यांचे नियम वेगवेगळे आहेत, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. फेमा कायद्याप्रमाणे कायमचं राहायला आलात की त्या दिवसापासून तुम्ही रहिवासी, दिवसांची बेरीज काहीही असो. म्हणजे वरच्या उदाहरणातलं नोव्हेंबरचं जोडपं कराच्या हिशेबाने अनिवासी, पण बँकेच्या हिशेबाने रहिवासी. एनआरई खात्याच्या, म्हणजे अनिवासींच्या परदेशी कमाईच्या रुपयांतल्या खात्याच्या, व्याजाची करमाफी फेमाच्या दर्जाला बांधलेली आहे. ती परतल्याच्या दिवशी संपते. खातं तसंच चालू ठेवून व्याज करमुक्त दाखवणं ही परतणाऱ्यांच्या विवरणपत्रातली नेहमीची चूक.

बँकेत जाऊन एनआरई आणि एनआरओ (अनिवासींच्या इथल्या उत्पन्नाची) खाती साध्या खात्यांत बदलून घ्या. एफसीएनआर ठेव, म्हणजे अनिवासींची परकीय चलनातली ठेव, मुदत संपेपर्यंत ठरलेल्या दराने चालू राहते. पौंड पौंडांतच ठेवायचे असतील तर आरएफसी, म्हणजे रहिवाशाचं परकीय चलनातलं, खातं उघडा. आरएनओआर असेपर्यंत त्याचं व्याज करमुक्त असतं. तिकडची खाती, शेअर, घर अनिवासी असताना घेतलेलं असेल तर फेमाच्या कलम ६(४) प्रमाणे कायम ठेवता येतं, घाबरून विकायची गरज नाही.

पूर्ण रहिवासी झालात की मात्र विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरावा लागतो: बँक खातं, आयसा, शेअर, पेन्शन, सगळं, आणि तेही १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या वर्षाप्रमाणे. उत्पन्न शून्य असलं तरी. न भरल्यास काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. घर-जमीन सोडून बाकीची मालमत्ता एकूण २० लाखांच्या आत असेल तर ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून सूट आहे. ब्रिटनमधल्या बँका आणि फंड कंपन्या भारतीय रहिवाशांच्या खात्यांची माहिती दर वर्षी भारताला पोचवण्यास बांधील आहेत, तेव्हा "कोणाला कळतंय" हा हिशेब चालत नाही.

पेन्शन

स्टेट पेन्शन आपोआप सुरू होत नाही, मागावी लागते. वयाला चार महिने राहिले की ब्रिटनच्या इंटरनॅशनल पेन्शन सेंटरकडे अर्ज करता येतो. ६ मार्च १९६१ ते ५ एप्रिल १९७७ या काळात जन्मलेल्यांसाठी वय ६७ आहे, ६ एप्रिल १९७८ पासून जन्मलेल्यांसाठी ६८, मधल्या वर्षभरातल्यांसाठी या दोहोंच्या दरम्यान. आणि हे नीट समजून घ्या: भारतात राहणाऱ्याची पेन्शन गोठते. सुरू होताना जो आकडा तोच पुढे वीस वर्षं. अमेरिकेत किंवा फिलिपिन्समध्ये राहणाऱ्या ब्रिटिश पेन्शनरला दर वर्षी वाढ मिळते, भारतात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात मिळत नाही. तितकेच हप्ते भरून कमी मिळणं हा उघड अन्याय आहे, आणि त्याविरुद्ध पेन्शनर वर्षानुवर्षं भांडत आहेत. पण घरखर्चाचं गणित करताना आज असलेला नियमच धरा आणि महागाईची तरतूद दुसरीकडून करा.

खासगी किंवा कंपनीची पेन्शन सध्या ५५ व्या वर्षापासून काढता येते, ६ एप्रिल २०२८ पासून ५७. दोन देशांमधल्या करारात साध्या पेन्शनवर कर राहत्या देशाने घ्यायचा असं आहे. सरकारी सेवेच्या पेन्शनला वेगळं कलम आहे. पण ब्रिटनमधली कंपनी स्वतःहून कर थांबवत नाही. भारताच्या आयकर खात्याकडून करनिवास प्रमाणपत्र घ्यायचं, एचएमआरसीच्या करार सवलतीच्या फॉर्मसोबत पाठवायचं, आणि एचएमआरसीने कंपनीला कर न कापण्याचा कोड, एनटी, दिला की मग पूर्ण रक्कम येते. कोड येण्याआधी मोठी रक्कम काढलीत तर ती दर महिन्याला येणार असं धरून आणीबाणीच्या कोडने भरमसाट कर कापला जातो आणि परताव्याच्या मागे धावावं लागतं. आधी कोड, मग पैसे. आरएनओआरच्या काळात मोठी रक्कम काढायचा बेत असेल तर दोन्हीकडे शून्य कर लागेल असं गृहीत धरू नका, दोन्ही देशांचं विवरणपत्र भरणाऱ्या सल्लागाराकडून आधी लेखी घ्या. पैसे पहिल्यांदा ब्रिटनच्या खात्यात उतरवा. थेट भारतातल्या खात्यात आलेलं उत्पन्न इथे मिळालेलं धरलं जातं आणि सवलत जाते.

"तुमची पेन्शन आत्ताच भारतात आणून देतो" असा फोन आला तर फोन ठेवा. पेन्शनसाठी असे आगंतुक फोन करणं ब्रिटनमध्ये २०१९ पासून बेकायदा आहे. मान्य यादीत नसलेल्या योजनेत पैसे गेले तर एकूण कर ५५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. एचएमआरसीची यादी महिन्यातून दोनदा निघते, आणि त्या यादीत नाव असणं म्हणजे एचएमआरसीने योजनेला दिलेली हमी नव्हे.

जमीन, मुखत्यारपत्र, घटस्फोट

ब्रिटिश नागरिकत्व घेतलं असेल तर भारतीय पासपोर्ट जमा करून प्रमाणपत्र घेतल्यावरच ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, मिळतं. ओसीआय असलेल्याला शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाने मिळू शकते. महाराष्ट्रात शिवाय कुळकायद्याचं कलम ६३ आहे: शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो. म्हणून वडिलांच्या पश्चात वारस नोंद लगेच करून सातबाऱ्यावर नाव लावून घ्या. भावाच्या एकट्याच्या नावावर फेरफार होऊन गेला की नंतर तो उलटवायला तहसीलपासून पुढे वर्षं जातात. ब्रिटनमध्ये केलेल्या मुखत्यारपत्रावर ॲपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात मान्य व्हावा म्हणून मिळणारा तिथला सरकारी शिक्का, घ्या, आणि ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरा. मुदत उलटली की दंड भरावा लागतो, आणि सब-रजिस्ट्रारपुढे खरेदीदार ताटकळत बसतो.

भारतात हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालेल्यांनी एक गोष्ट सांभाळावी. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२२ पासून एकट्याने अर्ज करून, कारण न देता घटस्फोट मिळतो. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं आहे की ज्या कायद्याखाली लग्न झालं त्यातल्या कारणावर दिलेला किंवा दोघांनी मान्य केलेला परदेशी घटस्फोटच इथे धरला जाईल. एकतर्फी इंग्लिश हुकुमावर विसंबून इथे दुसरं लग्न करू नका. दोघांची संमती असेल तर संयुक्त अर्ज करा, आणि दोघांनी सही केलेला तडजोडीचा कागद जपून ठेवा.

नागरिकत्व न घेता फक्त कायम वास्तव्याचा परवाना, आयएलआर, असेल तर तो सलग दोन वर्षं बाहेर राहिल्यावर संपतो. मुलांच्या शिक्षणासाठी परत जायचा विचार असेल तर हा निर्णय निघण्याआधी घ्या, नंतर दार अवघड होतं. आणि ब्रिटनला पाच वर्षांच्या आत परत राहायला गेलात तर मधल्या काळात विकलेल्या जुन्या गुंतवणुकीचा नफा आणि काढलेल्या पेन्शनच्या मोठ्या रकमा तिथे पुन्हा कराच्या कक्षेत येऊ शकतात.

मृत्युपत्र

ब्रिटनमध्ये मृत्यूनंतर ३,२५,००० पौंडांवरच्या मालमत्तेवर ४० टक्के वारसा कर आहे. एप्रिल २०२५ पासून नवा नियम आला: मागच्या २० कर वर्षांपैकी १० वर्षं तिथे राहिलेल्याची जगभरची मालमत्ता या करात येते, आणि देश सोडल्यावरही ही शेपटी लगेच तुटत नाही. १० ते १३ वर्षं राहिलेल्याला तीन वर्षं, १५ वर्षांवाल्याला पाच, २० किंवा जास्त वर्षांवाल्याला दहा वर्षं. म्हणजे पुण्यातला फ्लॅट आणि गावचं घरही. एप्रिल २०२७ पासून न वापरलेली पेन्शनही या हिशेबात धरली जाणार आहे.

भारतीयांना यात एक मोठा आधार आहे. दोन्ही देशांमध्ये १९५६ चा वारसा कराचा करार अजून चालू आहे, जरी आपल्याकडचा तो कर १९८५ मध्येच रद्द झाला. मृत्यूच्या वेळी कायद्याच्या दृष्टीने ज्याचं कायमचं घर, डोमिसाइल, भारत आहे, त्याच्या ब्रिटनबाहेरच्या मालमत्तेवर ब्रिटन हा कर लावत नाही. पण ती मालमत्ता ब्रिटनच्या कायद्याखालच्या मृत्युपत्राने वारसाकडे जात असेल तर हे संरक्षण मिळत नाही. अनेकांनी घर घेताना तिथल्या वकिलाकडून "माझी जगभरची सर्व मालमत्ता" असं एकच मृत्युपत्र करून घेतलेलं असतं, आणि हाच कागद घात करतो.

म्हणून दोन मृत्युपत्रं करा. ब्रिटनच्या मृत्युपत्रात स्पष्ट लिहा की ते फक्त तिथल्या मालमत्तेपुरतं आहे. भारताचं मृत्युपत्र इथल्या कायद्याप्रमाणे, दोन साक्षीदारांसमोर, इथल्या मालमत्तेपुरतं करा, आणि शक्यतो सब-रजिस्ट्रारकडे नोंदवा. नव्या मृत्युपत्रात सवयीने येणारं "याआधीची सर्व मृत्युपत्रं रद्द" हे वाक्य दोन्ही वकिलांना दाखवून बदलून घ्या. ते तसंच राहिलं तर दुसरं मृत्युपत्र पहिल्याला खाऊन टाकतं. कायमचं परतण्याचा तुमचा इरादा दाखवणारे कागद, म्हणजे विकलेल्या घराची कागदपत्रं, पी८५ ची प्रत, इथलं मतदार ओळखपत्र किंवा ओसीआय, याच फाइलला लावा.

त्याच फाइलच्या पहिल्या पानावर पेन्शनच्या लाइफ सर्टिफिकेटबद्दल लिहून ठेवा. ब्रिटनहून टपालाने एक फॉर्म येतो, तुम्ही हयात आहात हे साक्षीदाराच्या सहीने कळवायचं असतं, आणि १६ आठवड्यांत तो परत पोचला नाही तर पेन्शन थांबते. पत्ता बदलला की आधी इंटरनॅशनल पेन्शन सेंटरला कळवा. आणि घरात टपाल घेणाऱ्याला सांगून ठेवा की परदेशी शिक्क्याचं ते पाकीट जाहिरात समजून टाकू नये.